हे काय उगवलंय?

काल संध्याकाळी दगडाचा जो कोपरा रिकामा होता, तिथे आज नखाएवढं काहीतरी डोलतंय. पारदर्शक, तपकिरी, बारीक बारीक सोंडांचं. विकत आणलेलं नाही, कुणी सोडलेलं नाही. बोट जवळ नेलं की क्षणात आत ओढलं जातं आणि दगड पुन्हा कोरा दिसतो. घरात खाऱ्या पाण्याची टाकी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. पहिला प्रश्न ठरलेला: हे काय उगवलंय? दुसरा लगेच त्याच्या मागून: मारायचं का?

संपादकांनी या अंकासाठी ‘उपरे’ हा विषय दिला तेव्हा सुरुवातीला माझ्या मनात माणसांचीच गर्दी झाली. पण मुलुंडच्या एका घरातली चार फुटी टाकी मला ठाऊक होती. एक निवृत्त बँक अधिकारी ती सांभाळतात. त्यांची पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एससी. करते आणि तिच्या टेबलावर सेकंडहँड घेतलेला मायक्रोस्कोप आहे. ती त्यांना काका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणू लागले. न बोलावता आलेल्या जिवांची या दोघांइतकी बारकाईने विचारपूस करणारं कुणी मी पाहिलेलं नाही. त्यांच्या टाकीसमोर बसून जे कळलं ते इथे मांडते.

दगडाबरोबर कोण आलं

दिवाणखान्याच्या भिंतीला टेकून काचेची पेटी, वर निळसर पांढरे दिवे, खालच्या कपाटात पाणी गाळणारा सम्प आणि फेस काढणारा स्किमर. मे महिन्यात पाणी तापू नये म्हणून चिलर, वीज गेली तर पंप चालावेत म्हणून इन्व्हर्टर. आरओच्या पाण्यात मीठमिश्रण घालून काका घरीच समुद्र तयार करतात आणि त्याची घनता 1.025च्या आसपास ठेवतात. आत क्लाउनफिशची जोडी, काही कोळंब्या, चामड्यासारख्या पोताचे मऊ प्रवाळ आणि रंगीत बटणांच्या गालिच्यासारखे झोअँथिड.

या हौसेत पाश्चात्त्य देशांत ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात तो माल पूर्वापार मोलाचा मानला जातो. समुद्रातून काढलेला, जीवजंतूंनी भरलेला सच्छिद्र प्रवाळखडक. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे आणि तो बंदच असायला हवा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत 2001 साली दगडी प्रवाळांचा समावेश झाला. आपल्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलणं, विकणं हा गुन्हा आहे. काकांनी त्यामुळे कोरड्या, निर्जीव दगडांवर टाकी उभी केली आणि दगडी प्रवाळांच्या वाटेला ते गेलेच नाहीत.

दगड कोरडा असला तरी जीव येतातच. मऊ प्रवाळाची किंवा झोअँथिडची लहानशी वसाहत दुकानातून येते ती एका चकतीला चिकटलेली असते. हौशी मंडळी तिला ‘प्लग’ म्हणतात. त्या चकतीच्या बुडाशी, भेगांत, चिकटवलेल्या डिंकाच्या कडेला अंडी असतात, कृमी असतात, शेवाळाचे धागे असतात. शिवाय पिशवीतलं पाणी असतं. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात मी उभी होते तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईक प्रवाळाचा रंग वरून पाहत होतं. चकती उलटी करून पाहणारी एकटी काकांची पुतणी होती.

समुद्रात हे सगळे जीव एकमेकांच्या धाकात राहतात. खाणारे असतात, लाटा असतात, अन्नाची टंचाई असते. टाकीत पाणी बारा महिने उबदार, माशांना घातलेल्या खाद्यातलं उरलंसुरलं तळाशी जमतं आणि शत्रू कुणीच नसतो. खडकावर जो प्राणी एखाददुसरा दिसला असता तो इथे काही आठवड्यांत शेकड्यांनी वाढतो. त्याचा स्वभाव तोच राहतो. आपण त्याला दिलेली जागा मात्र तशी राहिलेली नसते.

दिवे गेल्यावर

टाकीतले दिवे विझून दोनेक तास झाले की काका लाल प्रकाशाचा टॉर्च घेतात. लाल उजेड बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते. दगडाच्या प्रत्येक भोकातून काहीतरी बाहेर आलेलं असतं. गुलाबी, केसाळ, गोमेसारखे वळवळणारे किडे. पांढऱ्या दोऱ्यांसारख्या सोंडा वाळूवर पसरून अन्नकण वेचणारा, स्वतः कधीच न दिसणारा कृमी. काचेवर ठिपक्यांएवढे उड्या मारणारे कवचधारी. पिंडीच्या आकाराचे इवलेसे पांढरे स्पंज.

“यातले मारायचे किती?” मी विचारलं.

“आत्ता दिसतायत त्यातला एकही नाही,” काका म्हणाले. “हे झाडूवाले आहेत. यांना काढलं तर माझं पाणी आठवड्यात नासेल.”

केसाळ किड्यांना बघताच बाहेर काढण्याची घाई बहुतेक नवखे करतात. या किड्यांचे केस कातडीत घुसून चुरचुरतात हे खरं. चिकटपट्टी लावून ओढली की निघतात. पण ते खातात ते मेलेलं, सडलेलं. आजारी प्रवाळावर ते जमलेले दिसतात आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. वास्तविक प्रवाळ आधी मेलेलं असतं.

या केसाळ किड्यांच्याच कुळातला खरोखर धोक्याचा प्राणी वेगळा आहे, आणि ओळखण्याची खूण डोक्यावर आहे. युनिसिड गटातल्या कृमीच्या डोक्यावर पाच शृंगिका असतात, अंगावर तेलाच्या तवंगासारखी रंग पालटणारी झाक असते आणि जबडे कात्रीसारखे चालतात. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात न्यूकी इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात 2009 साली हे प्रकरण गाजलं. प्रवाळाच्या फांद्या रात्रीतून तुटलेल्या मिळत, मासे जखमी होत. सापळे लावले तर तेही विस्कटलेले सापडत. शेवटी कर्मचाऱ्यांनी ते दालन दगड दगड करून उतरवलं, तेव्हा जवळजवळ चार फूट लांबीचा युनिसिड कृमी आत निघाला. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं. पिल्लू असताना दगडातून आला असावा आणि आतल्या आत वाढला असावा.

अशा गोष्टी ऐकून लोक प्रत्येक किड्याला बॅरी समजतात. पुतणीचा आग्रह म्हणून साधा असतो. आधी डोक्याचा फोटो. तोही पांढऱ्या उजेडात, कारण निळ्या दिव्यात सगळंच झगमगतं आणि खरा रंग कळत नाही. शेजारी मोजपट्टी. मग नोंद: दिवसा दिसतं की रात्री, एकच आहे की पुष्कळ, चिकटलेलं आहे की सरपटतं, हात लावला की आखडतं का, आणि आसपासचं काय मरतंय. तिच्या वहीत अशी पानंच्या पानं आहेत. एका बारक्या, वेड्यावाकड्या पायांच्या तारामाशाची नोंद तर कित्येक महिने चालू आहे. नखापेक्षा लहान, स्वतःचे दोन तुकडे करून वाढणारा. यांना अ‍ॅस्टरिना म्हणतात. यातले बहुतेक काचेवरचा शेवाळी थर खरवडून खातात, पण काही झोअँथिडवर बसलेले आढळतात. हौशी लोकांत यावरून कायम वाद. ती कुणाची बाजू घेत नाही. कुठला तारामासा कुठे बसला आणि तो उठल्यावर खाली काय राहिलं, एवढंच लिहिते.

चिरडलं की वाढतं

सुरुवातीला वर्णन केलेला तो तपकिरी, डोलणारा जीव म्हणजे एप्टेशिया. समुद्रपुष्पांच्या कुळातला, लांब देठाचा, लांब टोकदार सोंडांचा. सोंडांमध्ये डंखपेशी असतात. शेजारच्या प्रवाळाला तो डंख मारून मागे हटवतो आणि जागा बळकावतो. त्याचाच एक भाऊबंद मजानो नावाने ओळखला जातो. तो बुटका, हिरवट, सोंडांची टोकं फुगीर. काही नवखे मजानोला सुंदर म्हणून सांभाळतात आणि वर्षभरात दगड गमावतात.

काकांनी पहिला एप्टेशिया चिमट्याने उपटला होता. पंधरवड्यात त्या जागी आणि भोवती मिळून चांगलाच जमाव उभा राहिला. हा प्राणी सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी तयार होतो. उपटणं, खरवडणं, चिरडणं म्हणजे पेरणीच. यासाठी ओळख आधी हवी. हिरवं धागेदार शेवाळ हातानं उपटलं तर फायदा होतो. एप्टेशियाला तेच केलं तर घात होतो.

मग उपाय काय? तो फुललेला असताना सिरिंजने तोंडात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सोडणं हा एक. आखडायच्या आत सोडावी लागते, हात स्थिर लागतो. दुसरा उपाय त्याला खाणारा प्राणी आणणं. बर्घिया नावाची दोनेक सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते. पाठीवर तिला नाजूक झालरीसारखे अवयव असतात आणि खाल्लेल्या शिकारीच्या डंखपेशी ती न वापरलेल्या अवस्थेत त्यांच्या टोकांत साठवून स्वतःच्या बचावाला वापरते. शेवटचा एप्टेशिया संपला की तिची उपासमार होते. म्हणून हौशी लोक ती एकमेकांना देतात, एका घरातून दुसऱ्या घरात.

तिसरा उपाय पेपरमिंट कोळंबी. इथे पुन्हा ओळखीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो दुकानातच. पेपरमिंट म्हणून दिली जाणारी कोळंबी पुष्कळदा कॅमल कोळंबी असते. तिच्या पाठीला कुबड, लाल अंगावर पांढऱ्या रेषांची ठसठशीत नक्षी, डोळे मोठे. ती एप्टेशियाकडे ढुंकून बघत नाही, झोअँथिड मात्र आवडीनं खाते. चुकीच्या नावानं आणलेल्या औषधानं रोग्यालाच खाल्लं, अशी ही गत.

टाकीत नकोसा झालेला हाच एप्टेशिया जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र जपून वाढवला जातो. प्रवाळांच्या पेशींत जी सूक्ष्म शैवालं राहतात आणि अन्न पुरवतात तशीच याच्याही पेशींत राहतात. प्रवाळ हळू वाढतात, बहुतेकांची वीण वर्षातून मोजक्या रात्री होते, शैवालं गमावली तर ते फार काळ टिकत नाहीत. एप्टेशिया भराभर वाढतो आणि शैवालं काढून घेतली तरी खाऊ घातल्यास जगतो. समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे का पडतात, ही भागीदारी नेमकी कशी मोडते, याचा अभ्यास म्हणून याच्यावर चालतो. 2015 साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. चिवटपणामुळे काकांची झोप उडते आणि त्याच चिवटपणामुळे संशोधकांना प्रवाळ समजून घ्यायची सोय होते. ही माहिती पुतणीने काकांना सांगितली तेव्हा त्यांनी एका बरणीत चार एप्टेशिया वेगळे ठेवले. ते अजून आहेत.

चारशे पटीत दिसणारं

काकांच्या टाकीवर सगळ्यात वाईट दिवस आले ते कुठल्याही किड्यामुळे नाही. वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे चिकट दोर आले. त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. सकाळी कमी, दुपारी दाट. गोगलगायी उलट्या पडून मरू लागल्या. काकांनी जे कुणीही केलं असतं ते केलं: वाळू उपसली, पाणी बदललं, माशांचं खाणं कमी केलं. दोर वाढतच गेले.

तपकिरी थर तीन प्रकारचा असू शकतो. नव्या टाकीत येणारे डायटम, ते सिलिका संपली की आपोआप जातात. सायनोबॅक्टेरिया, ते बहुधा लालसर आणि सलग पापुद्र्यासारखे. आणि डायनोफ्लॅजेलेट, ज्यांना सगळे नुसतं ‘डायनो’ म्हणतात. घरगुती परीक्षा अशी की थोडा चिकटा टाकीच्या पाण्यात खळखळून हलवायचा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळायचा आणि खाली आलेलं पाणी उजेडात ठेवायचं. तासाभरात पुन्हा दोर जमले तर डायनो. ते स्वतः पोहून एकत्र येतात.

पण इथे थांबून भागत नाही. पुतणीने एक थेंब काचपट्टीवर घेतला, चारशे पटीचं भिंग लावलं आणि मला बघायला बोलावलं. थेंबाच्या आकाराच्या तपकिरी पेशी, निमुळतं टोक एका जागी रोवून गरागरा फिरणाऱ्या. “ऑस्ट्रिऑप्सिस,” ती म्हणाली. “फिरण्यावरूनच ओळखायचं. अ‍ॅम्फिडिनियम असतं तर चपटं, लंबगोल, पुढे चोचीसारखं टोक, आणि सरळ सरकत गेलं असतं.”

या दोन नावांत काय फरक पडतो? सगळा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो. तेव्हा पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवलं तर तो मरतो. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहतो, अतिनील दिवा त्याच्या केसालाही धक्का लावत नाही. त्याच्यासाठी सिलिका घालून मुद्दाम डायटम वाढवतात, म्हणजे जागेसाठी स्पर्धा उभी राहते. दोघांच्याही मुळाशी बहुधा एकच कारण असतं: पाणी फार स्वच्छ झालेलं असतं. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की इतर शैवालं, जिवाणू उपाशी पडतात आणि डायनोला मोकळं रान मिळतं. निर्जीव दगडांवर सुरू केलेल्या टाक्यांत हे विशेष घडतं, कारण जागा धरून बसलेले जीवच तिथे नसतात. काकांची सफाई आगीत तेल ओतत होती. त्यांनी माशांचं खाणं वाढवलं, नायट्रेट मोजून घातलं, अतिनील दिवा रात्रभर चालवला. दोर विरळ होत गेले. एका थेंबाकडे नीट पाहिल्यामुळे टाकी वाचली, असं मी ठामपणे म्हणेन.

नाव नसलेले

प्रत्येक वेळी नाव सापडतंच असं नाही, कारण काही जिवांना नावच नसतं.

अ‍ॅक्रोपोरा हे फांद्याफांद्यांचं प्रवाळ परदेशी हौशी लोकांचं लाडकं. अनेक वर्षं त्यांच्या टाक्यांत ही प्रवाळं फिकी पडून मरत होती. अंगावर गोल, फिक्या चाव्यांच्या खुणा. कारण होता एक चपटा कृमी, प्रवाळाच्याच रंगाचा, इतका बेमालूम की पिपेटने पाण्याचा झोत मारून तो उडवल्याशिवाय दिसत नाही. औषधी पाण्यात प्रवाळ बुडवलं की कृमी गळून पडतात, पण सांगाड्यावरच्या तपकिरी अंड्यांना काही होत नाही. ती सुमारे तीन आठवड्यांत फुटतात. म्हणून बुडवणी पुन्हा पुन्हा, अंडी सुरीनं खरवडून. हौशी लोकांना त्याची सगळी रीत पाठ होती, शास्त्राच्या दप्तरी मात्र तो नव्हता. 2011 साली केट रॉलिन्सन आणि सहकाऱ्यांनी टाक्यांमधल्याच नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. समुद्रात तो कुणी पाहिलेलाच नव्हता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझर्ड बेटापाशी तो प्रथमच निसर्गात सापडल्याची नोंद झाली. मॉन्टिपोरा प्रवाळ खाणाऱ्या एका पांढऱ्या समुद्री गोगलगाईची कथाही अशीच. टाक्यांत तिचा उपद्रव जुना, शास्त्रीय नाव मिळालं 2020 साली: फेस्टिला सबओडिओसस.

हे वाचून पुतणीच्या वहीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. दिवाणखान्यातल्या टाकीसमोर मोजपट्टी धरून काढलेला फोटो हा प्राणिशास्त्रातला पहिला पुरावा ठरू शकतो. तो किडा न बघता मारून गटारात टाकला तर पुरावाही जातो.

हातमोजे

एक ओळख मात्र चुकली तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. झोअँथिडांतल्या पॅलिथोआ गटात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल नैसर्गिक विषांपैकी हे एक. हवाईतल्या माउई बेटावरच्या एका डबक्यातल्या पॅलिथोआपासून संशोधकांनी ते वेगळं काढलं आणि 1971 साली जाहीर केलं. टाकीत नकोशी झालेली तपकिरी पॅलिथोआ भराभर पसरते. तेव्हा लोक दगड बाहेर काढून घासतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे उकळत्या पाण्यात टाकतात. वाफेबरोबर विष हवेत जातं. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हनटन गावात 2018 साली टाकीतलं प्रवाळ साफ करताना एक कुटुंब आजारी पडलं. मदतीला गेलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही रुग्णालयात जावं लागलं.

आपल्या वाचकांनी हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नये. झोअँथिडांचे गालिचे मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उघडे पडतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटासोबत 2017पासून शेकडो मुंबईकर ते पाहायला जातात. प्रत्येक झोअँथिड विषारी नसतो, पण नुसत्या रंगावरून ते ठरवता येत नाही. किनाऱ्यावर पाहावं, हात लावू नये, पाय देऊ नये. घरी टाकीत हात घालताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. दगड पाण्याबाहेर घासू नये आणि उकळू तर कधीच नये.

बादलीतलं पाणी

1984 साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाच्या पायथ्याशी समुद्रात कौलेर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्यागार शेवाळाचा एक लहानसा तुकडा आढळला, सुमारे एक चौरस मीटरचा. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवलेली, थंडी सोसणारी ही जात होती आणि तिथूनच ती निसटली असं मानलं जातं. पुढे ती भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरली. 2000 साली तीच कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात सापडली. तिथे लोकांनी वेळीच ओळखली, ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडलं, आणि 2006 साली ती संपल्याचं जाहीर झालं.

मुलुंडच्या गटारातलं पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीकडेच जाणार. म्हणून काकांच्या मोरीत एक झाकणाची बादली आहे. काढलेला दगड, खरवडलेला थर, बुडवणीचं पाणी, दुकानातून आलेल्या पिशवीतलं पाणी, सगळं तिच्यात. वर ब्लीच ओतायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी सांडपाण्यात सोडायचं. ब्लीचमुळे पॅलिटॉक्सिनही निकामी होतं. नवी चकती आणली की महिनाभर वेगळ्या लहान टाकीत राहते, रोज लाल टॉर्चखाली तपासली जाते. मी शेवटचं गेले तेव्हा त्या लहान टाकीत झोअँथिडच्या बुडाशी दोन मिलिमीटरची पांढरी नळी दिसत होती. गुंडाळत गेली तर निरुपद्रवी स्पायरॉर्बिस कृमी. सरळ वाढून टोकातून चिकट जाळं सोडू लागली तर व्हर्मेटिड, नळीत राहणारी गोगलगाय, जी जाळ्यानं शेजाऱ्यांना छळते. पुतणीने वहीत तारीख टाकून दोन्ही शक्यता लिहिल्या आणि फोटोसाठी मोजपट्टी मागितली.